पात्याची पारख

धावडा नावाचे एक झाड आहे. डिंकाच्या लाडवांमुळे त्याचे नाव शहरातील गृहिणींनाही ठाऊक असते. शेतकऱ्याची त्याच्याशी ओळख मात्र निराळी. या झाडाचे लाकूड कठीण असूनही चिवट असते; घाव बसला म्हणजे ते फुटत नाही, हादरा पोटात घेते. म्हणून बैलगाडीचा आस आणि कुऱ्हाडीचा दांडा धावड्याचा करण्याची जुनी रीत आहे. याच नावाच्या गावात, जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळ आमची शेती आहे. झाडाची आठवण प्रारंभीच काढण्याचे कारण असे की, गेल्या वर्षी आमच्या घरात एका पात्याविषयी जी दीर्घ चर्चा झाली, तिचा निकाल अखेर दांड्यापाशी येऊन लागला.

आमची धाकटी बहीण वसईस दिलेली आहे. तिचा मुलगा महाविद्यालयात शिकतो आणि तीन वर्षांपासून जपानी तलवारविद्येच्या एका वर्गास जातो. आरंभी लाकडी तलवार, मग बोथट धातूची तलवार असे टप्पे त्याने ओलांडले. पुढे त्याला खऱ्या धारेची ओढ लागली. दिवाळीच्या तोंडावर त्याचा फोन आला. “मामा, मला एक कटाना घ्यायची आहे. भिंतीवर टांगायला नको, कापण्याचा सराव करायला हवी. आणि नाताळात तुमच्याकडे आलो की बांधावरची वेडी बाभूळही तिनेच तोडीन. आडदांड वापरातही टिकेल अशी कोणती घेऊ?”

त्याच रात्री बहिणीचाही फोन आला. “दादा, तू त्याला नाही म्हण. तुझं तो ऐकतो.”

नुसते ‘नाही’ म्हणणे आम्हांस रुचेना. तरुण मुलाला कारण न सांगता अडवले, तर तो ती वस्तू सोडत नाही, फक्त आपल्याशी बोलणे सोडतो. त्याने प्रश्न पात्याचा विचारला होता, तेव्हा प्रथम पात्याचेच उत्तर देणे योग्य, असे आम्ही ठरवले. आयुष्यभर विळा, कुऱ्हाड आणि कोयता हाताळणाऱ्या माणसाला पोलादाचे दोन शब्द कळतात. उरलेले आम्ही वाचून आणि विचारून घेतले.

जुनी जपानी तलवार लोहवाळू वितळवून केलेल्या पोलादाची असे. तिला पाणी देण्यापूर्वी पाठीवर मातीचा जाड आणि धारेवर पातळ लेप देत. त्यामुळे धार झटकन थंड होऊन कठीण होई, पाठ मऊ राही. पात्यावर दिसणारी धूसर लाट ती हीच, कठीण आणि मऊ यांच्या सीमेची. अशी तलवार देखणी खरी, पण वेडावाकडा घाव बसला तर ती वाकते आणि वाकलेलीच राहते. धारेला टवका गेला तर तो घासून काढताना पाते झिजते. आजच्या काळात सरावासाठी ज्या तलवारी घडवतात, त्यांत दुसरा एक प्रकार असतो. त्यांचे पोलाद स्प्रिंगचे असते. सिलिकॉन किंवा क्रोमियम मिसळलेले हे पोलाद सबंध पात्यात एकसारखे कडक करून मग उतरवतात. असे पाते वाकले तरी पुन्हा सरळ होते. ज्याला राबवायचे आहे, त्याने या दुसऱ्या प्रकारचे पाते निवडावे.

हे वाचताना आम्हांस हसू आले. कारण ही गोष्ट आमच्याकडच्या प्रत्येक लोहाराला ठाऊक आहे. चांगला कोयता हवा असेल तर गिऱ्हाईक ट्रकचा मोडका कमानपाटा घेऊन जाते, बाजारातली सळई नेत नाही. जालना शहर पोलादाचे म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील कारखाने भंगार वितळवून बांधकामाच्या सळया करतात. पण सळईच्या पोलादात कर्बाचे प्रमाण फार तर पाव टक्क्याच्या आसपास असते. घर उभे राहण्यास तेवढे पुरते, धार धरण्यास पुरत नाही. कमानपाट्यात ते अर्ध्या टक्क्याच्या वर असते. कर्ब जसजसा वाढतो, तसतसे पोलाद कडक होऊ शकते. पण एक टक्क्याच्या जवळ गेले की ते ठिसूळपणाकडेही झुकते. म्हणून आडदांड कामाला साठ शतांश टक्क्यांच्या आसपासचे पोलाद बरे, आणि वस्तऱ्यासारख्या नाजूक धारेला त्याहून अधिक कर्बाचे.

तलवार मोडते ती पुष्कळदा पात्यात नव्हे, तर मुठीत. शोभेच्या स्वस्त तलवारींत न गंजणाऱ्या पोलादाचे पाते असते आणि त्याच्या टोकाला एक बारीक दांडी जोडून ती मुठीत घातलेली असते. जोरकस घाव घातला की ती दांडी तुटते आणि अडीच फुटांचे पाते हातातून सुटून समोरच्याच्या अंगावर जाते. चांगल्या कटानात पात्याचे पोलादच अखंडपणे मुठीत खोलवर गेलेले असते आणि बांबूच्या एका खुंटीने ते अडकवलेले असते. प्रत्येक सरावापूर्वी ती खुंटी तपासणे हा त्या विद्येचा पहिला नियम होय. सराव कापतात तोही बाभळीवर नव्हे. पाण्यात भिजवलेली गवती चटई गुंडाळून तिच्यावर. लाकूड तोडण्यासाठी ती घडवलेलीच नाही. कटानाचे पाते पातळ आणि लांब, कुऱ्हाडीचे आखूड आणि पाचरीसारखे. एक मऊ वस्तूत ओढून कापते, दुसरी कठीण वस्तू फोडते. बांधावरच्या बाभळीवर कटाना चालवणारा दोन्ही कामे बिघडवतो.

हे सर्व आम्ही भाच्याला कळवले. त्याला आनंद झाला. “मामा, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाची, अखंड मुठीची घेऊ ना?” आमचे उत्तर अजून अर्धेच झाले होते.

दुसरा अर्धा भाग कायद्याचा. शस्त्र अधिनियम १९५९ सालचा आहे. त्याखालील नियमांनुसार तलवार, खंजीर, भाला, तसेच नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारे शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक उपयोगासाठी घडवलेली पाती त्या यादीतून वगळली आहेत. कोयत्याचे पाते नऊ इंचांहून लांब असले तरी तो शेतकऱ्याचा कोयता आहे. कटानाचे पाते सव्वादोन फुटांचे, आणि ते तलवारीचेच. ‘सरावासाठी आहे’ हे तोंडी उत्तर पोलीस ठाण्यात पुरे पडत नाही. विनापरवाना तलवार बाळगल्याबद्दल या अधिनियमाच्या कलम ४ आणि २५ खाली गुन्हे नोंदवले जातात, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचे आहे.

बहिणीची भीती तर त्याहूनही जवळची होती. एप्रिल २०२२ च्या अखेरीस धुळे जिल्ह्यात सोनगीर पोलिसांनी एक गाडी अडवली. तीत ८९ तलवारी आणि एक खंजीर सापडला. गाडी राजस्थानातून निघाली होती आणि वार्तांनुसार तिला जालन्यास यायचे होते. त्या वसंतात आमच्या मराठवाड्यात कुरियरने मागवलेल्या तलवारीही पकडल्या गेल्या. बातमी आली तेव्हा आमच्या गावच्या पारावर काही वेळ कोणी बोलले नाही. ज्याच्या शेजारी बसून आपण चहा पितो, त्याच्या मनात त्या क्षणी काय चालले असेल, हा विचार प्रत्येकाच्या मनात होता. तलवारीचे हेच दुःख आहे. ती म्यानात असली तरी शेजाऱ्याची झोप मोडते. कोयता ओसरीवर उघडा टांगलेला असतो आणि कोणाला काही वाटत नाही.

अर्थात कोयत्यालाही अलीकडे वाईट दिवस आले. पुण्यात तरुणांच्या टोळ्यांनी तो हातात घेऊन दहशत माजवली आणि ‘कोयता गँग’ हा शब्द २०२३ पासून महाराष्ट्रभर पसरला. आम्हांस या शब्दाने क्लेश होतात. मराठवाड्यात ‘कोयता’ या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. ऊसतोडीच्या करारात नवरा आणि बायको मिळून ‘एक कोयता’ होतो. एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. दिवाळी झाली की हे कोयते मुकादमाकडून उचल घेऊन, पोरेबाळे आणि भांडीकुंडी गाडीत घालून साखरपट्ट्यात जातात. माणसांना अवजाराच्या नावाने मोजणे बरे नव्हे, हे खरेच. परंतु ज्या पात्यावर एवढी कुटुंबे पोट भरतात, ते गुंडाच्या नावाने ओळखले जावे, हा त्यांच्या श्रमाचा दुसरा अपमान आहे.

भाचा नाताळाच्या आधी आठ दिवस आला. तोंडावर नाराजी स्पष्ट होती. जेवताना तो फक्त मामीशी बोलायचा. “मामी, मामांना वाटतं मी गुंड होणार आहे,” असे एकदा आम्हांस ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला. आम्ही उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कमानपाट्याचा एक तुकडा पिशवीत घालून त्याला बरोबर घेतले.

रस्त्याच्या कडेला घिसाड्यांचे एक बिऱ्हाड उतरले होते. खड्ड्यात कोळसा, हाताने फिरवायचा भाता, जमिनीत रोवलेली ऐरण. नवरा सांडशीने लाल पाते धरीत होता आणि बायको घण घालीत होती. घिसाड्यांमध्ये घण बहुधा बाईच चालवते. एका लयीत वर जाणारे आणि बरोबर त्याच ठिकाणी पडणारे ते दहा-बारा घाव पाहताना भाच्याचे डोळे विस्फारले. तीन वर्षे वर्गात त्याला जे शिकवत होते, खांदा सैल, कंबर स्थिर, श्वासाबरोबर घाव, ते सारे त्या माउलीच्या अंगात होते.

“ताई, तलवार घडवता का?” त्याने विचारलेच.

तिने पदराने कपाळ पुसले. उत्तर नवऱ्याने दिले. “दादा, तलवारीचं काम आम्ही घेत नाही. कोयता सांगा, कुऱ्हाड सांगा. पण कशाला हवा ते आधी सांगा. उसाला वेगळा, काट्याला वेगळा.”

काट्याला, असे आम्ही सांगितले. मग जे झाले ते भाच्याने अगदी जवळ बसून पाहिले. कमानपाटा तापवून ठोकून पात्याचा आकार आला. लोहचुंबक चिकटेनासे होईपर्यंत धारेची बाजू लाल केली आणि ती तेलात बुडवली. कानस लावून पाहिली तर ती घसरत होती. म्हणजे धार काचेसारखी कडक झाली होती. “आता झाला का?” भाच्याने विचारले. घिसाडी म्हणाला, “आता दगडावर मारला तर तुकडे होतील. अजून त्याचं पाणी उतरवायचं आहे.” त्याने पात्याचा एक भाग घासून चकचकीत केला आणि पाठीकडून हलकी आच दिली. चकाकीवर आधी वाळल्या गवताचा पिवळा रंग आला, मग तपकिरी, मग जांभळट झाक. तेथेच त्याने पाते काढून घेतले. निळा रंग येऊ दिला असता तर ते स्प्रिंग झाले असते, पिवळ्यावर थांबला असता तर टवके उडाले असते. कठीणपणातला थोडा भाग सोडून दिल्याशिवाय टिकाऊपणा येत नाही, हे त्या मुलाने पुस्तकात वाचले होते. येथे त्याने ते रंगांत पाहिले.

आणि मग दांडा. घिसाड्याने दांड्यासाठी आमच्याकडेच लाकूड मागितले. घरी पडवीत धावड्याचे जुने वाळलेले लाकूड होते. भाच्याने ते तासून, काचेने खरवडून कुऱ्हाडीला आणि कोयत्याला बसवले. कुऱ्हाडीला पाचर मारताना आम्ही त्याला बायबलमधील दोन ठिकाणे वाचावयास दिली. अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायात असा प्रसंग कल्पिलेला आहे की, दोघे रानात लाकडे तोडावयास जातात, एकाच्या कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटते आणि शेजारी मरतो. वैर नसताना घडलेल्या अशा मृत्यूसाठी आश्रयाची नगरे नेमलेली आहेत. दुसरे ठिकाण राजांच्या दुसऱ्या ग्रंथातले. यार्देनच्या काठी झाड तोडताना एका शिष्याच्या कुऱ्हाडीचे पाते पाण्यात पडते आणि तो आक्रोश करतो, कारण कुऱ्हाड उसनी आणलेली असते. अलीशा ते पाते पाण्यावर तरंगवतो. पवित्र शास्त्रालाही सैल दांड्याची काळजी आहे, हे पाहून भाचा पहिल्यांदा मनमोकळा हसला. “मामा, म्हणजे मुठीची खुंटी तपासायचा नियम मोशेच्या काळापासूनचा!”

मग आपणहून त्याने शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथाविषयी विचारले. पलिष्ट्यांनी इस्राएलात लोहार राहू दिला नव्हता, कारण इब्री लोक तलवारी आणि भाले करतील अशी त्यांना धास्ती होती. फाळ, कुदळ, कुऱ्हाड पाजवण्यासाठी लोकांना शत्रूकडे जावे लागे. “मग मामा, तलवार नसणं ही गुलामगिरीही असू शकते ना?” प्रश्न खरा होता आणि त्याला खरे उत्तर देणे भाग होते. आम्ही म्हणालो, तलवार हातात घेणे हे पाप आहे असे आमचे म्हणणे नाही. या देशात तलवारीचा सराव नवा नाही. कोल्हापूरच्या तालमींत आजही मर्दानी खेळात पट्ट्याने लिंबू कापतात. मराठ्यांच्या ‘फिरंग’ तलवारीचे पाते तर नावाप्रमाणेच युरोपातून आलेले असे, मूठ इथली. पण तलवार कोणाविरुद्ध आणि कोणाच्या आज्ञेने, हा प्रश्न तिच्याबरोबर नेहमी येतो. गेथशेमानेच्या बागेत पेत्राकडे तलवार होती. हेतू वाईट नव्हता. आपल्या गुरूचे रक्षण करावयाचे होते. तरी त्या रात्री त्या तलवारीने साधले ते एवढेच की मल्ख नावाच्या एका चाकराचा कान तुटला, आणि तो बरा करण्याचे काम प्रभूला करावे लागले.

नाताळच्या दोन दिवस आधी आम्ही त्याला असईला घेऊन गेलो. आमच्याच जिल्ह्यातील हे गाव. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीची लढाई झाली ती येथे. एकट्या इंग्रजांच्या बाजूचेच मृत आणि जखमी दीड हजारांहून अधिक होते, आणि त्यांतले कितीतरी इथल्याच मातीचे शिपाई होते. आज तेथे शेते आहेत. आम्ही गेलो तेव्हा एक बाई खुरप्याने तण काढीत होती. भाचा बराच वेळ तिच्याकडे पाहत उभा राहिला. आम्ही काही समजावले नाही.

बांधावरची बाभूळ त्याने चार दिवसांत साफ केली. पहिल्या दिवशी हाताला फोड आले, दुसऱ्या दिवशी ते फुटले. तिसऱ्या दिवशी मामीने हळद लावून फडके बांधले, तरी तो गेला. वेडी बाभूळ कोयत्याने वरून छाटावी लागते आणि बुंधा कुऱ्हाडीने जमिनीलगत घ्यावा लागतो; तरी बुंधा मुळासकट खणून काढला नाही, तर पावसाळ्यात ती पुन्हा फुटते. काटा पायात मोडला तर पिकतो. या कामात सौंदर्य नाही, टाळ्या नाहीत, छायाचित्र काढण्याजोगेही काही नाही. चौथ्या संध्याकाळी त्याने निसण्यावर कोयत्याला धार दिली, तेलाचा बोळा फिरवला आणि तो ओसरीवरच्या खुंटीला टांगला. पात्याला एकही टवका गेला नव्हता.

कटानाचे काय झाले, असे वाचक विचारतील. त्याने ती घेतली नाही. इच्छा मात्र मेलेली नाही, आणि ती मारावी असे आम्हांसही वाटत नाही. वसईस परतल्यावर त्याने वर्गाच्या गुरुजींना परवान्याबद्दल विचारले. ते म्हणाले, रीतसर मार्गाने परवाना मिळाला तरच धारेची तलवार, तोवर लाकडी. लाकडी तलवारीवर त्याचा सराव चालू आहे. “मामा, त्या घिसाडी ताईसारखा घाव अजून बसत नाही,” असे मागच्या महिन्यात त्याने फोनवर सांगितले. बहिणीने त्यानंतर फोन घेतला आणि काही न बोलता थोडा वेळ नुसती धरून राहिली.

या निमित्ताने एक सूचना मांडावीशी वाटते. १ मे हा श्रमिक संत योसेफाचा सण. पोप बारावे पायस यांनी तो १९५५ साली ठरवून दिला. त्या दिवशी आपल्या धर्मग्रामांतून अवजारांचा आशीर्वाद व्हावा. वसईच्या वाडीवाल्यांनी आपला कोयता आणावा, कोळ्यांनी जाळे, सुतारांनी रंधा, आणि आम्ही मराठवाड्याचे लोक खुरपे आणि कुऱ्हाड आणू. वेदीसमोर ती मांडताना प्रत्येकाने दांडा एकदा हलवून पाहावा आणि सैल असेल तर घरी जाऊन पाचर मारावी. यशयाने तलवारींच्या फाळांचे जे स्वप्न पाहिले, त्यासाठी भट्टी पेटवणारा लोहार हवा आणि घण घालणारी बाईही. ऊसतोडीहून परतलेले एखादे जोडपे त्या दिवशी चर्चमध्ये असेल, तर त्यांचा कोयता सर्वांत पुढे ठेवावा, आणि त्या दोघांना त्यांच्या नावांनी हाक मारावी.